चिलापीचं डोकं

आमचे रिहे गावातले घरमालक मला आवडायचे नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी लिहायला बसलं की हात आपोआप मऊ पडतो, आणि मला तसं होऊ द्यायचं नाही. ते भले होते, शब्दाचे पक्के होते, पाणी कमी आलं तर आधी आमची टाकी भरून मग आपला हंडा नळाखाली लावायचे, हे सगळं खरं. पण त्यांनी साफ केलेला मासा माझी आई खायची आणि मी केलेला खायची नाही. मला तेवढं पुरे होतं.

मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, जन्मभर भात लावून पाठीत किंचित वाकलेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा भूगावला फ्लॅट घेऊन राहत होता. डोंगराकडची जमीन त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरांना फार्महाऊससाठी विकली आणि गावात खाली तीन, वर तीन खोल्यांचं घर बांधलं. खाली ते एकटे आणि वर भाडेकरू, म्हणजे मी आणि आई. मी हिंजवडीला एका कंपनीत यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग तपासतो. लग्न झालं होतं, टिकलं नाही. वडील गेल्यावर दौंडचं घर बंद करून आईला इकडे आणलं, तेव्हा तिला जरा मोकळी हवा मिळावी म्हणून ही जागा घेतली.

हवा मोकळी होती, पण आई जेवत नव्हती. रुसवा नाही, रडणं नाही, तक्रार नाही. पान वाढलं की बसायची, दोन घास खायची, आणि "भूक नाही रे" म्हणून ताट पुढे सरकवायची. चार महिन्यांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पौडच्या डॉक्टरांनी वजन करून मला बाहेर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. अंडी द्या, मासे द्या, काहीही करा पण पोटात जाऊ द्या. मी मासे द्यायचे ठरवले. आई नदीकाठची. माहेरी भीमेचा मासा खाऊनच मोठी झालेली.

आमच्याकडे मासा म्हणजे चिलापी. काळसर, चपटी, पाठीवर सुयांसारखे काटे असलेली. धरणात, तळ्यात, ओढ्याच्या डोहात, पाणी थांबेल तिथे सापडणारी. दर बुधवारी आणि रविवारी सकाळी धरणाकडून एक जण मोटरसायकलवर ओलं पोतं बांधून यायचा आणि देवळापाशी हॉर्न द्यायचा.

चिलापीला काटे फार, आणि आईची कवळी. लहानपणी एकदा वडिलांच्या घशात काटा अडकला होता आणि त्यांना डोळे पांढरे करताना मी पाहिलं होतं. ती भीती माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. म्हणून मी पातळ, लवचीक पात्याची सुरी मागवली, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून फिले, म्हणजे बिनकाट्याचे तुकडे, काढायला शिकलो. मधल्या काट्याला सुरी टेकवून डोक्याकडून शेपटीकडे एका दमात ओढायची, की एका बाजूचं सगळं मांस अखंड सुटून येतं. मग कातडी सोलायची. मग बोटांनी चाचपून राहिलेले काटे चिमट्यानं उपटायचे. ड्रॉइंगमधली केसाएवढी चूक पकडणारा माणूस मी. तिसऱ्या रविवारपर्यंत माझे तुकडे असे निघायला लागले की बघत राहावं. रवा लावून तळले, लिंबू पिळलं, आईपुढे ठेवले.

तिनं एक तुकडा खाल्ला. "छान झालंय," म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, "पण काय आहे हे?"

त्याच दुपारी मी डोकी आणि सांगाडे पिशवीत भरून मागच्या दारी टाकायला गेलो. मालक पेरूच्या झाडाखाली बसले होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"सायेब, ह्ये टाकलंय का ठिवलंय?"

"टाकलंय."

"मंग खानार काय?"

मी वर जाऊन उरलेला एक कच्चा तुकडा आणून दाखवला. जरा अभिमानानंच दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला. "पनीर हाय ह्ये," म्हणाले.

तासाभरानं ते जिना चढून वर आले. हातात झाकलेलं पातेलं. आत कांदा-खोबरं भाजून केलेला लाल रस्सा, आणि त्यात मी टाकलेली डोकी. आईनं एक वाटी प्यायली, मग दुसरी, मग म्हणाली, "थोडा भात आहे का रे?" किती महिन्यांनी तिनं स्वतःहून काही मागितलं होतं. मला आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला, आणि तो अर्धा मिनिट टिकला. कारण मग ती मालकांकडे वळून म्हणाली, "काय हो हात आहे तुमचा!" मासा माझा, सुरी माझी, बोटाला चिमटा लागून झालेली जखम माझी. रस्सा माझ्या कचऱ्याचा, आणि हात त्यांचा.

तेव्हापासून मी जळायला लागलो. दुसरा शब्द नाही.

पुढच्या रविवारपासून मालकांनी मासे आपल्या ताब्यात घेतले. मला विचारलं नाही. हॉर्न वाजला की स्वतःच देवळापाशी जायचे आणि पोत्यात हात घालून हवे ते निवडून आणायचे. मागच्या दारी नळाखाली एक सपाट धोंडा होता. तिथे उकिडवे बसायचे. मासे साफ करायच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचे. मला पहिल्यांदा वाटलं की कुठे लग्नाला निघालेत.

"मालक, डाग पडतील," मी म्हणालो.

"घान कापडं घातली की हात बी घान करायला राजी हुतो," ते म्हणाले. त्या सदऱ्यावर कधी एक थेंब उडालेला मी पाहिला नाही, आणि मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो.

डाव्या हाताला चुलीतली राख चोळायची, म्हणजे बुळबुळीत मासा निसटत नाही. उजव्या हातात भात कापायचा जुना विळा. दाते पार झिजून गेलेले. तो विळा त्यांनी उभं आयुष्य भातावर चालवला होता आणि आता फक्त खवल्यांना लावायचे. शेपटीकडून डोक्याकडे, हलक्या हातानं. खवले उडायचे नाहीत, धोंड्यावर एका बाजूला गोळा व्हायचे. मी एकदा घरात चमच्यानं प्रयत्न केला होता, तेव्हा आठ दिवसांनी कॅलेंडरच्या पानावर खवला सापडला होता. मग पोटाखाली लहानशी चीर, दोन बोटं आत, आणि आतलं सगळं एका ओढीत बाहेर. त्यात चिंचोक्याएवढी हिरवट पिशवी असते. पित्ताची. ती फुटली की मासा कडूजहर होतो, मग कितीही धुवा आणि कितीही मसाला लावा, उपयोग नाही. ती पिशवी ते नखावर घेऊन मला दाखवायचे.

"ह्ये पयलं बगायचं. बाकी चुकलं तर खानारा माफ करतो. ह्ये न्हाई करत."

मग कल्ले उपटून काढायचे, दोन्ही अंगांना तिरप्या तीन चिरा द्यायच्या आणि मीठ-हळद चोळायची. चिरल्यावर मासा पाण्याखाली धरलेला त्यांना खपायचा नाही, चव मोरीत जाते म्हणायचे. डोकं, शेपूट, पर, सगळं जागच्या जागी. साफ झाल्यावरही मासा माशासारखाच दिसायचा. मग चुलीवर, लोखंडी तव्यात.

पहिल्यांदा तो अख्खा मासा आईपुढे आला तेव्हा मी मध्ये पडलो. "काटे आहेत. तिला कवळी आहे. मी काढून देतो."

"आक्का काय बाळ हाय व्हय?" मालक म्हणाले. ते माझ्या आईला आक्का म्हणायचे. वास्तविक ते तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. "दात नसले म्हून काय झालं, बोटं हायेत की."

आणि आईची बोटं चालायला लागली. अंगठ्यानं कातडीखालून मांस सारायचं, काटा चिमटीत धरून उपसायचा, ताटाच्या कडेला लावून ठेवायचा. पुन्हा पुढचा घास. पाऊण तास ती एक मासा खात होती. माझे तुकडे पाच मिनिटांत संपायचे, नाहीतर पाच मिनिटांत नको व्हायचे, आणि मग पुढचा अख्खा दिवस तिच्यापुढे रिकामा पडायचा. ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं. माझ्या माशात तिला करायला काही उरत नव्हतं. सगळं मीच करून टाकलं होतं. हे कळलं म्हणून माझी जळजळ कमी झाली असं मात्र नाही.

काटे काढता काढता ती बोलायला लागली. मालक समोर भिंतीला टेकून बसायचे, आणि ती त्यांना सांगायची, की लहानपणी भीमेच्या उथळ पाण्यात दोघी बहिणी जुनं लुगडं धरून उभ्या राहायच्या आणि बारीक मासळी पकडायच्या. एकदा लुगड्यात साप आला. दोघी लुगडं तिथंच टाकून पळाल्या आणि घरी येऊन मार खाल्ला. मी तिचा मुलगा, पंचेचाळीस वर्षांचा, आणि लुगड्याची गोष्ट मी भाड्याच्या घरात, परक्या माणसाच्या निमित्तानं ऐकत होतो.

"मला कधी सांगितलं नाहीस," मी नंतर म्हणालो.

"तू कधी बसलास?" आई म्हणाली.

मालकांची आणखी एक तऱ्हा म्हणजे डोकं. माशाचा मधला भाग ते स्वतः खायचेच नाहीत. कितीही मासे असोत, ते आपल्या ताटात फक्त एक डोकं घ्यायचे आणि अर्धा तास त्याच्याशी खेळायचे. गालातलं काढायचे, डोळ्यामागचं काढायचे, टाळूचं चोखायचे. शेवटी उरायचं ते इतकं कोरडं असायचं की मांजरसुद्धा वास घेऊन निघून जायचं. डोकं खाताना कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मुलगा भूगावहून फोन करायचा तोही ते वाजू द्यायचे.

आणि मग एका रविवारी त्यांनी ते डोकं आईच्या ताटात ठेवलं. आपण नुसता रस्सा-भात घेतला. त्या दिवसापासून डोकं आईचं झालं. आईनंही एका शब्दानं नको म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी जेवून उठलो आणि गॅलरीत जाऊन उगाच वाळलेले कपडे काढत बसलो.

हार मी सहज मानली नाही. डोंगराकडच्या फार्महाऊसवर त्या डॉक्टरांचे पाहुणे आले होते. वॉचमन टब भरून चिलापी घेऊन मालकांकडे आला आणि म्हणाला, पाहुण्यांना बिनकाट्याचं पाहिजे. मालकांनी टबाकडे पाहिलं. "बिनकाट्याचं पायजे तर केळी न्या," म्हणाले आणि आत गेले. मी तिथेच उभा होतो. मी म्हणालो, "मी करून देतो." तीन तास बसून मी सगळे फिले काढले. पाठ मोडली, पण एकाही तुकड्यात काटा ठेवला नाही. पाहुणे बोटं चाटत राहिले, डॉक्टरांनी स्वतः येऊन माझा हात हातात घेतला. मी वर येऊन आईला सगळं रंगवून सांगितलं.

"डोकी कुठं गेली?" तिनं विचारलं.

डोकी खाली मालकांच्या चुलीवर होती. मोठ्या पातेल्यात. संध्याकाळी त्यांनी अख्ख्या आळीला रस्सा वाटला, आणि पुढे महिनाभर जो भेटेल तो मला सांगायचा, मालकांनी काय रस्सा केला होता!

आईचं वजन वाढत होतं. बांगड्या मनगटावर परत बसल्या. पौडच्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, "छान काळजी घेतलीत." मी मान हलवली. मालकांचं नाव घेतलं नाही.

पुढच्या साली पावसाळा सरताना, भात निसवायच्या सुमारास एका सकाळी मालकांच्या उजव्या हातातला जोर गेला. चहाची कपबशी पडली आणि त्यांना ती उचलता येईना. पौडच्या डॉक्टरांनी अर्धांगाचा हलका झटका सांगितला. मुलगा न्यायला आला, तर हे उंबऱ्यात बसून राहिले. "हितली मंडळी उपाशी ऱ्हातील," म्हणाले. घरात मंडळी म्हणजे आम्ही दोघंच, आणि मी काही उपाशी राहणारा नव्हतो.

त्या रविवारी हॉर्न वाजला. थोड्या वेळानं खालून हाक आली, "सायेब, जरा खाली येताय का?" मी गेलो. धोंड्यावर एक चिलापी पोट फाटून पडली होती, विळा बाजूला घसरला होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर पोटापासून खांद्यापर्यंत डाग उडाले होते. मालक माझ्याकडे बघत नव्हते.

"बसा," ते म्हणाले. "राख लावा हाताला."

मी बसलो. त्यांनी शेजारी बसून एकेक गोष्ट सांगितली. विळा कसा धरायचा, कुठं दाबायचा नाही, बोटं आत कशी वळवायची. मी त्यांच्याकडे इतके दिवस इतकं टक लावून पाहिलं होतं की मला सगळं आधीच पाठ होतं. दोन तासांत चार मासे झाले.

"चांगलं जमतंय," ते म्हणाले. त्यांनी मला दिलेली ती एकुलती एक शाबासकी. मग जिन्याकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "आक्काला सांगू नका."

मी "बरं" म्हणालो. का म्हणालो ते मला तेव्हा समजलं नाही. तिनं खाणं थांबवलं तर काय, ही भीती होती. थोडी त्यांची कीवही आली असावी.

त्यानंतरचे सगळे बुधवार-रविवार असे गेले. बुधवारी मी ऑफिसला उशिरा जायचो. धोंड्यावर मी बसायचो. साफ मी करायचो, चिरा मी द्यायचो, मीठ-हळद मी लावायचो. तव्यावर ते डाव्या हातानं परतायचे. मग डाव्याच हातात ताट धरून, खांदा भिंतीला घासत, एकेक पायरी थांबत ते वर जायचे. ताट मला धरू द्यायचे नाहीत. मी मागून रिकाम्या हातानं जायचो. आई पहिला घास घेऊन म्हणायची, "मालक, तुमच्या हाताला तोड नाही."

"जमतं आपलं," मालक म्हणायचे.

एकदा तरी त्यांनी माझ्याकडे पाहावं! एकदा तरी आई मला म्हणेल, की तूही शीक जरा त्यांच्याकडून, म्हणजे निदान मला हसता तरी येईल! पण नाही. माझ्या नखांत राख, माझ्या बोटांना पाठीचे काटे लागलेले, आणि कौतुकाचे शब्द समोर भिंतीला टेकलेल्या माणसाकडे.

मग मी ते केलं. रविवार होता. ताटातला सगळ्यात मोठा मासा आईसाठी असायचा. मालक आत चूल पेटवत होते. मी त्याची पित्ताची पिशवी बाहेर काढली, नखावर घेतली, आणि अंगठ्यानं दाबली. हिरवं पाणी पोटात आतून चोळलं. वरून मीठ-हळद लावली. माझा हिशेब साधा होता. ती एक घास घेईल, तोंड वाकडं करेल, म्हणेल, "मालक, आज काय झालं?" बस. दुसरे तीन मासे होतेच, ती उपाशी राहणार नव्हती. एवढं एक वाक्य मला ऐकायचं होतं.

आईनं पहिला घास घेतला. तिचे ओठ क्षणभर मिटले. मी तिच्याकडे बघत होतो, मालक तिच्याकडे बघत होते. मग तिनं घास गिळला आणि दुसरा घेतला. मी म्हणालो, "दुसरा देऊ का? तो छोटा?" ती म्हणाली, "असू दे." त्या दिवशीही तिनं काटे एकेक करून ताटाच्या कडेला लावले, डोकं चोखलं, पाऊण तास बसून सगळा मासा संपवला. शेवटी पाणी प्यायली, नेहमीपेक्षा जास्त प्यायली, आणि म्हणाली, "मालक, तुमच्या हाताला तोड नाही."

माझ्या चांगल्या, गोड, काटा नसलेल्या माशाला तिनं विचारलं होतं की हे काय आहे. आणि त्यांच्या नावावरचा कडूजहर मासा तिनं गोड मानून खाल्ला. मला स्वतःची लाज वाटली. खोटं कशाला बोलू, लाजेपेक्षा मत्सर जास्त वाटला.

खाली उतरल्यावर मालकांनी विचारलं, "पिशवी नीट निघाली व्हती नव्हं?"

"निघाली होती," मी म्हणालो.

थंडी संपता संपता त्यांना दुसरा झटका आला. या वेळी मुलानं ऐकलं नाही, भूगावला नेलं. जाताना गाडीत बसवलं तेव्हा ते आईला हात जोडायला गेले तर एकच हात वर आला. तिकडे सून फार चांगली, वेळच्या वेळी मऊ भात भरवायची, असं मुलगा फोनवर सांगायचा. दीड महिन्यात ते गेले. आम्ही जाऊन आलो.

परत आल्यावर आई जेवेना. पहिल्या दिवशी मी तिचं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन घास खाऊन ताट पुढे सरकवलं, "भूक नाही रे." तेच शब्द, तोच आवाज. तिसऱ्या दिवशीही तेच. मी हिंजवडीला बसून ड्रॉइंगवरच्या रेघा बघत होतो आणि मला नाकातली नळी दिसत होती.

रविवारी देवळापाशी हॉर्न वाजला. मी गेलो, पोत्यात हात घालून एक चिलापी निवडली. माझा एक पांढरा सदरा कपाटातून काढला, स्वतः इस्त्री केली, घातला. मुलानं आमच्याकडे ठेवलेल्या किल्लीनं मालकांचं दार उघडून विळा आणि राख घेतली, धोंड्यावर बसलो. राख, विळा, पोटाची चीर. पिशवी अखंड निघाली. चूल पेटवायला मला तीन काड्या लागल्या. मग ताट घेऊन जिना चढलो, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं ते तिच्यापुढे ठेवलं. माझं ताट घेऊन समोर बसलो आणि म्हणालो, "मासा आहे."

तिनं अंगठ्यानं कातडी सारली, एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला थांबून तिनं बोटाच्या टोकावर काहीतरी उचललं आणि माझ्यापुढे धरलं. खवला होता.

"उजव्या बाजूला, पराच्या मागं," ती म्हणाली. "तुझे तिथं नेहमी राहतात एक-दोन. त्यांचे कधी राहिले नाहीत."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"त्यांच्या हाताला झटका आला त्याच आठवड्यापासून."

"मग त्यांनाच का म्हणायचीस, हाताला तोड नाही म्हणून? दर वेळी?"

"जिना चढून यायचे एका हातात ताट धरून. त्यांना काय म्हणू, माझ्या मुलानं छान केलाय?" तिनं काटा कडेला ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तो कडू मासा. पिशवी चुकून फुटली होती का?"

हो म्हणता आलं असतं. "नाही," मी म्हणालो.

"वाटलंच. चुकून फुटली तर एका जागी कडू लागतं. तो सगळा कडू होता."

"मग खाल्लास कशाला?"

"तुम्ही दोघं समोर बसला होतात," आई म्हणाली. "मी थुंकले असते तर कुणा एकाचा तरी चेहरा पडला असता."

कुणाचा, हे मला विचारायचं होतं. फार विचारायचं होतं. तिला ते कळलं असावं. तिनं माशाचं डोकं मोडून वेगळं केलं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"खा."

"मला खाता येत नाही ते."

"शीक मग. आधी गालाचं काढायचं." तिनं बोट टेकवून दाखवलं. "मालक इथून सुरुवात करायचे."

मी मुद्दाम दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली, आणि पहिल्याच घासाला काटा टाळूला लागला. मी तोंड उघडं टाकून, डोळ्यांत पाणी आणून बोटानं तो शोधायला लागलो. आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मालकांच्या बोलण्यावर ती कितीदा तरी हसली होती, पण हे हसणं नुसतं माझ्यावरचं होतं. हसता हसता तिनं पुढचा घास घेतला. मला तेवढं पुरे होतं.